साध्या दिवसाचा फोटो

बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या घरात अल्बम पाहायला मागितला, तर पानं उलटताना तेच ते प्रसंग समोर येतात. साखरपुडा, लग्न, बारसं, जावळ, शाळेचा ग्रुप फोटो, हार घातलेला नवा ट्रॅक्टर, शिर्डीला किंवा पंढरपूरला देवळासमोर रांगेत उभं राहिलेलं कुटुंब. सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले कपडे, माना ताठ, नजर कॅमेऱ्यात. ज्या ओट्यावर आजोबांनी जन्मभर अडकित्ता चालवला, तो ओटा त्यात नसतो. चूल नसते, गोठा नसतो, कणगी नसते. भाकरी थापणारी आजी तर जवळपास कधीच नसते, कारण ज्या दिवशी फोटोवाला यायचा त्या दिवशी स्वयंपाकाला आचारी असायचा.

यात दोष कुणाचाच नव्हता. हिशेबच तसा होता. बडोद्याला तयार होणारा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ हा एके काळी मध्यमवर्गीय घरांचा कॅमेरा. त्याच्या रोलवर बारा फोटो निघत. पस्तीस मिलिमीटरचे रोल हाती आले तेव्हा ही संख्या छत्तीसवर गेली. रोलचे पैसे वेगळे, धुण्याचे वेगळे, प्रतींचे वेगळे, आणि गावात सोय नसेल तर श्रीरामपूरला किंवा नगरला हेलपाटा. अशा दिवसांत कुणी उखळाचा फोटो काढला असता तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. तरीही जुन्या अल्बमात शेवटी-शेवटी काही चुकार फोटो सापडतात. दारात बसलेलं कुत्रं, दोरीवर कपडे वाळत घालणारी आई, हाक मारल्यावर मागे वळून पाहणारी आत्या. रोल स्टुडिओत द्यायचा आहे आणि दोन फोटो शिल्लक आहेत, म्हणून ‘रोल संपवायला’ काढलेले. चाळीस वर्षांनी त्याच अल्बमातले लग्नाचे फोटो भराभर उलटले जातात आणि हात या फोटोंपाशी थांबतो. आईची ती विटकी साडी ओळखीची निघते, दोरी कुठून कुठे बांधलेली असायची ते आठवतं, मागे आता पाडून टाकलेलं न्हाणीघर दिसतं.

हौशी छायाचित्रणाबद्दल मला जे सांगायचं आहे, ते या शेवटच्या दोन फोटोंत आहे. फोनमुळे खर्चाची अडचण उरलेली नाही. कुठलाही फोटो आता ‘रोल संपवायला’ काढल्यासारखा मोकळेपणाने काढता येतो. सवय मात्र जुनीच राहिली आहे. वाढदिवसाचा केक, नवी गाडी, सहलीतली सेल्फी. साधा दिवस अजूनही बाहेर ताटकळतो आहे, आणि तो टिपायला दुसरं कुणी येणार नाही. व्यावसायिक छायाचित्रकार बोलावल्यावर येतो. वर्तमानपत्राचा येतो तो पूर आला, मोर्चा निघाला, मंत्री आला की. एखाद्या मंगळवारी सकाळी साडेसातला, काहीही घडत नसताना, गावात कॅमेरा घेऊन हजर असू शकतो तो एकच माणूस: तिथे राहणारा. हौशी माणसाचं खरं बळ कौशल्यापेक्षा या राहण्यात आहे.

बेलापूर प्रवरेकाठी आहे. वर भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पुरं झालेलं. त्याच्या पाण्यावर आणि कालव्यांवर हा सगळा मुलूख उसाचा झाला. त्यामुळे इथल्या नदीचं वेळापत्रक निसर्गाचं आणि पाटबंधारे खात्याचं असं दुहेरी आहे. पावसाळ्यात ती गढूळ पाण्याने फुगते, उन्हाळ्यात पात्रात डबकी उरतात, कालव्याला आवर्तन सुटलं की शिवारात एकदम लगबग होते आणि रात्री-अपरात्री बॅटऱ्या घेऊन माणसं बारे द्यायला बाहेर पडतात. बाहेरून एका दिवसासाठी आलेल्या माणसाला यातली एकच नदी दिसेल. पुलावरून रोज दूध घेऊन जाणाऱ्या पोराला वर्षभरातल्या सगळ्या दिसतात.

त्याच पुलावरून एक गोष्ट सहज करून पाहता येते. नदी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणजे खालच्या अंगाला तोंड केलं की सूर्योदय आणि वरच्या अंगाला केलं की सूर्यास्त. पण सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तो नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि जूनच्या अखेरीस तेवढाच उत्तरेकडे. वर्षभरात ५० अंशांचा हा पल्ला. पुलाच्या कठड्यावरची एक जागा ठरवून दर महिन्याला तिथूनच फोटो काढला, तर सूर्य एका झाडापासून निघून दुसऱ्या शेताच्या बांधापर्यंत चालत गेलेला दिसतो. उत्तरायण आणि दक्षिणायन हे शब्द आपण पंचांगात वाचतो. ते आपल्या गावाच्या क्षितिजावर उमटलेले पाहिले की कायमचे समजतात.

उजेडाबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं, कारण छायाचित्रण शिकवणारी बरीचशी पुस्तकं युरोप-अमेरिकेत लिहिलेली आहेत आणि तिथला उजेड वेगळा आहे. सूर्य कललेला असताना त्याच्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, त्यात निळा रंग वाटेतच विखुरला जातो आणि पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. या मऊ सोनेरी उजेडाला पुस्तकं ‘सोनेरी तास’ म्हणतात. लंडनला जूनमध्ये क्षितिजाच्या सहा अंश वर असलेला सूर्य मावळायला जवळजवळ ५० मिनिटं घेतो. आपल्याकडे तो बराचसा उभा उतरतो आणि तेवढंच अंतर २५ ते २८ मिनिटांत संपवतो. म्हणजे आपला सोनेरी तास अर्ध्या तासाचाच. चहा पिऊन निघू म्हटलं तर हुकला.

दुसरी गोष्ट दुपारची. बेलापूर सुमारे साडेएकोणीस उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत उन्हात चेहऱ्याचा फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. अशा वेळी माणसाला लिंबाखाली, ओसरीत किंवा पांढऱ्या भिंतीसमोरच्या सावलीत घ्यावं. याउलट डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य ४९ अंशांच्या वर चढत नाही. दिवसभर उजेड तिरपा, सावल्या लांब, मातीचं ढेकूळ न् ढेकूळ उठून दिसणारं. आणि नेमक्या याच महिन्यांत कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतो. पहाटेच्या धुक्यातून येणाऱ्या टायरगाड्या, मोळ्या बांधणारे हात, पाचटातून उडणारी धूळ, डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन निघालेल्या बाया, या सगळ्यावर वर्षातला सगळ्यात देखणा उजेड पडलेला असतो. महागडा कॅमेरा घेऊन काश्मीरला जाण्याआधी नगर जिल्ह्यातला एक डिसेंबर नीट पाहावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उजेडाचं हे शास्त्र शिकायला कॅमेराही लागत नाही. पत्र्याच्या किंवा कौलारू घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. पत्र्याचं भोक वेडंवाकडं असतं, कधी खिळ्याने फाटलेलं असतं, तरी कवडसा गोलच पडतो. कारण तो भोकाचा आकार नाही, ती सूर्याची प्रतिमा आहे. छोट्या छिद्रातून आलेला उजेड बाहेरच्या वस्तूचं उलटं चित्र समोरच्या पृष्ठभागावर उमटवतो, आणि कॅमेऱ्याचं मूळ तत्त्व तेच. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, तेव्हा झाडाखाली आणि पत्र्याच्या घरात पडलेले कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. कॅमेऱ्यात त्या छिद्रावर भिंग आलं, जमिनीच्या जागी आधी चांदीच्या क्षारांची फिल्म आणि मग प्रकाश मोजणारी सिलिकॉनची चकती आली. बाकी घर तेच आहे.

आता घरातला एक फोटो जरा जवळून पाहू. माझ्या चुलतीचं स्वयंपाकघर अंधारं आहे. एका अंगाला दार, त्यातून येणारा सकाळचा उजेड, समोर चूल, तीत पेटलेली लाकडं. ती काठवटीत बाजरीचं पीठ मळते आणि भाकरी थापायला घेते. फोन नुसता रोखून बटण दाबलं तर फोटो बिघडतो आणि तो का बिघडतो हे कळलं की अर्धं छायाचित्रण आलं. फोनचा कॅमेरा समोरच्या दृश्यातल्या सगळ्या उजेडाचा अंदाज घेतो आणि अंधार जास्त दिसला की चित्र उजळवतो. त्यामुळे धुराने काळी झालेली भिंत राखाडी होते, जाळ पांढरा फटक पडतो आणि खोलीतला अंधार, जो त्या खोलीचा जीव आहे, नाहीसा होतो. म्हणून पडद्यावर तिच्या गालावर बोट ठेवायचं, शेजारी सूर्याची खूण येते ती खाली ओढायची आणि चित्र डोळ्याला दिसतंय तितकं गडद होऊ द्यायचं. फ्लॅश बंद. फोन लावून फार जवळ जायचं नाही, कारण फोनचं मुख्य भिंग रुंद पाहणारं असतं आणि जवळून ते नाक मोठं करतं. दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम घ्यावा. आणि उभ्याने काढायचं नाही. ती पाटावर बसलेली असताना आपण उभे राहिलो तर फोटोत तिचा भांग दिसतो. तिच्या पातळीला बसलं, कोपर गुडघ्यावर टेकवलं की हातही हलत नाही. अंधारात कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते, म्हणून स्थिर असलेला तिचा चेहरा स्पष्ट येतो आणि थापणारा पंजा किंचित धूसर होतो. हा धूसरपणा मी पुसत नाही. भाकरी थापताना हात हलतो. फोटोतही तो हलताना दिसावा.

“माझा कशाला काढतो रे, तव्याचा काढ,” असं ती म्हणाली. मी तव्याचाही काढला. पुढे तिला कागदावरची प्रत दिली तेव्हा तिने स्वतःकडे पाहिलंच नाही. तिची नजर मागच्या दिवळीवर गेली. “ही दिवळी आत्याबाईंनी लिंपली होती,” म्हणाली, आणि मग सासूच्या हाताखाली ती पहिल्यांदा भाकरी थापायला बसली त्या दिवसापासून सगळं निघालं. फोटो काढताना मला दिवळी दिसलीसुद्धा नव्हती. रोजच्या फोटोचा अर्थ काढणाऱ्याच्या हातात पुरता नसतो. तो बराचसा पाहणाऱ्याकडे असतो आणि प्रत हातात पडेपर्यंत तो बाहेर येत नाही. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९८०च्या त्यांच्या छायाचित्रणावरच्या पुस्तकात हेच फार बारकाईने मांडलं आहे: फोटोचा सर्वांना कळणारा विषय एक असतो आणि एखाद्याच माणसाला जाऊन टोचणारा तपशील वेगळाच असतो. बार्थ यांनी हे पुस्तक आई गेल्यानंतर लिहिलं, तिचे जुने फोटो चाळता चाळता.

सतत फोटो काढल्याने माणूस तो क्षण जगतच नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या पाहायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. जणू आठवण्याचं काम मेंदूने कॅमेऱ्यावर सोपवून दिलं होतं. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितला होता, त्यांच्या आठवणीत ही घट दिसली नाही. हे संशोधन २०१४चं. पुढे २०१७ साली अलिक्सांद्रा बॅराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काय टिपायचं हे स्वतः ठरवून फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त चांगलं आठवतं, मात्र ऐकलेलं कमी आठवतं. यातून माझ्यापुरता मी नियम करून टाकला आहे. काय टिपायचं ते आधी पाहून ठरवायचं, एका तपशिलाजवळ जायचं, आणि कुणी ओवी म्हणत असेल, कुणी जुनी हकिगत सांगत असेल, तर फोन खिशात.

रोज एक फोटो काढणाऱ्या लोकांवरही अभ्यास झाला आहे. लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स या दोन ब्रिटिश संशोधकांनी २०१८ साली तो प्रसिद्ध केला. दिवसातून एकदा थांबून पाहण्याचं निमित्त, घराबाहेर पडण्याचं कारण, लोकांशी बोलण्याची सुरुवात आणि मागे वळून पाहण्यासारखा साठा, असे फायदे त्यांना आढळले. ज्यांनी घरात दीर्घ आजारपण काढलं आहे किंवा निवृत्तीनंतरचा पहिला रिकामा महिना अनुभवला आहे, त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. आपल्याकडे डॉ. अनिल अवचटांनी चित्रकला, ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम, बासरी आणि छायाचित्रण असे कितीतरी छंद एकाच जन्मात केले. लहान गोष्टीत मन लावणं म्हणजे काय, हे मराठी वाचक त्यांच्याकडून शिकला.

महाराष्ट्रात हौशी छायाचित्रणाची परंपरा लोकांना वाटते त्याहून फार जुनी आहे. कॅमेऱ्याचा शोध जगापुढे आला १८३९ साली आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने वैद्य, पण छायाचित्रणाच्या नादाने या सोसायटीत पुढे होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. १८५६पासून काही काळ ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचा संच मुंबईतून दरमहा निघत असे, त्यात अस्सल फोटो चिकटवलेले असत. त्या काळच्या या फोटोंमध्ये मुंबईतल्या नाना जातींचे आणि धंद्यांचे लोक दिसतात, आणि त्यांच्याकडे पाहताना मला अभिमानाइतकीच हळहळ वाटते. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने अशा फोटोंची पुस्तकं १८६०च्या दशकात काढली. त्यांत माणसांचे फोटो एका ठिकाणी काढून दुसऱ्याच देखाव्यावर जोडलेले आहेत आणि खाली जात किंवा व्यवसाय लिहिला आहे. त्या माणसाचं नाव नाही. कुठल्या आळीत राहायचा, त्या दिवशी कामावर काय होतं, काहीच नाही. जगात कुठेच न घडलेला क्षण त्या फोटोत आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे वाटाण्याचा एक दाणा. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. आपल्याला हे यंत्र चालवता येतं हे दाखवण्यासाठी त्यांनी आधी देवदेवता, राजेरजवाडे असलं काही निवडलं नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो रुजून, फुटून, वर येईपर्यंत थोडा थोडा चित्रित करत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अख्खं रोप वाढताना दिसलं आणि ते पाहून पैसे लावणारा माणूस तयार झाला. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला आणि १९१३ साली लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाच्या मुळाशी घरातली एक कुंडी आहे, आणि तिच्यापाशी पुन्हा पुन्हा जाऊन बसणारा एक चिकाटीचा माणूस आहे. पुन्हा पुन्हा जाणं हाच त्या कामाचा गाभा होता.

तिथे राहणाऱ्याच्याच हाती कॅमेरा दिला की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. चीनमधल्या युनान प्रांतात १९९०च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी शेतकरी बायकांच्या हाती साधे कॅमेरे दिले आणि आपलं रोजचं जगणं टिपायला सांगितलं. हे फोटो पुढे आरोग्याचं धोरण ठरवणाऱ्यांसमोर ठेवले गेले. पाहणीच्या तक्त्यात न मावणाऱ्या गोष्टी त्यांत होत्या, कारण काढणारी बाई त्या शेतात रोज राबत होती. ही पद्धत आता जगभर वापरली जाते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून ती करायला काहीच अडचण नाही. सातवीच्या वर्गाला ‘आमच्या घरचं पाणी’ एवढा विषय द्यावा आणि पालकांचा फोन एका संध्याकाळसाठी मागावा. बोअरपासून रांजणापर्यंतचं सगळं गाव वर्गाच्या भिंतीवर येईल.

दुसऱ्याचं साधं जगणं टिपताना एक मर्यादा मात्र पाळायलाच हवी. ऊसतोडणीची टोळी कोपी घालून राहते. तिथे भिंती नसतातच म्हटलं तरी चालेल. बाई उघड्यावर स्वयंपाक करते, उघड्यावर पोराला न्हाऊ घालते. रस्त्यावरून जाता जाता लांबून झूम करून काढलेला तिचा फोटो ही तिच्या घरात केलेली घुसखोरीच आहे. आधी जाऊन बोलावं, विचारावं, नको म्हटलं तर मुकाट परत यावं. हो म्हटलं तर प्रत नेऊन द्यावी आणि ती त्याच आठवड्यात द्यावी, कारण फडाचा ऊस संपला की टोळी पुढच्या गावाला निघून जाते. एक प्रत चहा-भज्यांपेक्षा महाग पडत नाही.

आणि नाव लिहावं. जॉन्सनच्या पुस्तकात राहून गेलेली गोष्ट आपल्या हातून राहू नये. अमेरिकेत व्हिव्हियन मायर नावाची बाई आयुष्यभर लोकांची मुलं सांभाळत आली आणि सुट्टीत, रस्त्यावर, एक लाखाहून जास्त फोटो काढत राहिली. २००७ साली तिच्या भाड्याच्या गाळ्यातलं सामान लिलावात निघालं आणि त्यातून पुढे हे फोटो जगाला कळले. बरेच रोल तर धुतलेसुद्धा नव्हते. आज तिची प्रदर्शनं भरतात, पण त्या फोटोंतल्या बहुतेक माणसांची नावं कुणालाही सांगता येत नाहीत, आणि २००९ साली ती गेल्यावर विचारायलाही कुणी उरलं नाही.

नाव नसलं की फोटो दिशाभूलही करतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. दौंड–मनमाड मार्गावरच्या ‘बेलापूर’ अशी पाटी असलेल्या स्टेशनावर उभं राहून कुणी फोटो काढला, तर तो बेलापूरचा नसतो, श्रीरामपूरचा असतो. १८७८ साली हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा जवळचं नावाजलेलं गाव बेलापूर होतं, म्हणून स्टेशनाला ते नाव मिळालं. शहर नंतर स्टेशनाभोवती वाढलं, आणि खरं बेलापूर काही किलोमीटरवर प्रवरेकाठी आहे. शिवाय नवी मुंबईतलं बेलापूर निराळंच. पन्नास वर्षांनी नातवाच्या हाती असा फोटो पडला आणि मागे दोन ओळी नसल्या, तर तो आजोबांना चुकीच्या गावात शोधत बसेल.

फोनमधल्या फोटोत तारीख, वेळ आणि बहुधा जागाही आपोआप नोंदलेली असते. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आकसतो आणि ही नोंद गळून पडते. जपून ठेवायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, किंवा केबलने संगणकावर आणि तिथून दुसऱ्या एखाद्या डिस्कवर उतरवून ठेवावा. महिन्याला हजार फोटो साठत असतील तर त्यातले दहा निवडावेत आणि बाकीच्यांचा मोह सोडावा. या दहांच्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रती काढाव्यात. फोन पाण्यात पडतो, बिघडतो, पासवर्ड माणसाबरोबर जातो. कागद पेटीत राहतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस झालेले दिसतात, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंग अंधारातही आधी उडत जातो, आणि त्यांच्याहून जुने कृष्णधवल फोटो मात्र टिकलेले दिसतात. चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक ओढलेले अल्बम सगळ्यात घातक. त्यातला गोंद फोटोला कायमचा धरतो. असे फोटो ओरबाडून काढू नयेत. आधी पानासकट फोनने त्यांचा फोटो घ्यावा आणि मग पातळ दोरा मागून सावकाश फिरवत सोडवून पाहावेत.

मुंबईच्या अनुषा यादव यांनी २०१०पासून ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ या नावाने देशभरातल्या घरांमधले जुने फोटो आणि त्यांच्यामागच्या हकिगती गोळा केल्या आहेत. त्यात फोटोइतकंच महत्त्व हकिगतीला आहे. असं काम एखाद्या गावापुरतं, एखाद्या वाचनालयाच्या कपाटात करायला ना मोठा निधी लागतो ना तज्ज्ञ. बेलापूरसारख्या गावात शंभर घरांनी दहा-दहा फोटो दिले तर नदी, ऊस, बाजार, शाळा आणि माणसं यांचा असा इतिहास हाती येईल, जो कुठल्याही गॅझेटियरमध्ये मिळणार नाही.

ते होईल तेव्हा होवो. आपल्या घरचं काम आजच सुरू करता येईल. पेटीतला किंवा माळ्यावरचा अल्बम खाली काढा आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाशेजारी बसा. प्रत्येक फोटोतली माणसं कोण, गाव कुठलं, साल अंदाजे कोणतं, मागे दिसतंय ते घर कुणाचं, हे विचारून घ्या. जुन्या जाड कागदाच्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढून उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नाही. तिथे फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. एखादा चेहरा कुणालाच ओळखू येत नसेल तर ‘ओळख लागली नाही’ असं लिहून जागा रिकामी सोडा आणि घरी कुणी जुनं पाहुणं आलं की तो फोटो त्यांच्यापुढे ठेवा.